पहिल्या पासबुकापासून पहिल्या कर्जापर्यंत: कोल्हापुरात बँकेची वाट कशी धरायची

कपिलतीर्थ मार्केटात भाजी विकणाऱ्या एका मावशींचा हिशोब मी एकदा त्यांच्यासमोर बसून वहीत मांडला. पहाटे शाहू मार्केट यार्डातून माल उचलायला त्या एकाकडून ९०० रुपये घ्यायच्या आणि रात्री त्याला १,००० परत द्यायच्या. दिवसाला १०० रुपये. महिन्यात धंद्याचे २५ दिवस धरले तरी २,५००, वर्षाला ३०,०००. एवढं देऊनही दुसऱ्या दिवशी पहाटे हात रिकामाच. आकडा ऐकून मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "खरं हाय ओ, पण बँक आमास्नी दारात तरी उभं करून घेती काय?"

घेते. कुठल्या क्रमानं जायचं हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. गरज पडली की माणूस थेट कर्ज मागायला जातो. एखादा कागद कमी पडतो, नाहीतर खात्यात वर्षभर काही हालचालच नसते. साहेब मान हलवतात आणि माणूस पुन्हा सावकाराच्या दारात. बँकेतल्या माणसाला तुमचे कष्ट दिसत नाहीत, त्याला तुमचं खातं दिसतं. म्हणून कर्ज मागायच्या आधी सहा महिने आपला पैसा बँकेला दिसेल अशी तजवीज करायची. बारा वर्षं शहरात आणि करवीर तालुक्यात बचत गटांबरोबर काम करताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ज्यांनी बँकेची पायरी अजून चढलेलीच नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पायरी १: खातं उघडा, पण नाव घेऊन मागा

प्रधानमंत्री जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. या योजनेत शून्य रुपयांवर खातं उघडतं. किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, त्यामुळे शिल्लक कमी पडली म्हणून दंडही नाही. रुपे कार्ड मिळतं आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. आधार कार्ड, फोटो आणि स्वतःचा मोबाइल नंबर एवढं बरोबर न्या. पॅन कार्ड नसेल तर फॉर्म ६० भरून चालतं.

खिडकीवर नुसतं "खातं काढायचंय" म्हणू नका. "जनधन खातं" किंवा "बेसिक सेव्हिंग खातं" असं स्पष्ट म्हणा. आमच्या एका गटातल्या वहिनींकडून एका शाखेत हजार रुपये भरून घेतले आणि साधं बचत खातं उघडून दिलं. पुढं किमान शिल्लक राहिली नाही म्हणून त्याच हजारातून दंड कापत गेले. वहिनींना वाटलं, बँकेत पैसे ठेवले की ते कमीच होतात. त्यांना पुन्हा शाखेत न्यायला मला वर्ष लागलं.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत कामाला आलेल्यांची अडचण वेगळी असते. आधारवर गावाचा पत्ता आणि राहणं भाड्याच्या खोलीत. त्यासाठी अडून राहू नका. आधार पडताळणीनं खातं उघडताना आत्ताचा पत्ता वेगळा असेल तर तो स्वतः लिहून, सही करून देता येतो. आणि कुठलाच मान्य कागद नसलेल्यांसाठी "स्मॉल अकाउंट" असतं. त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. पण सुरुवात तर होते. कागद करून आणायला १२ महिने मिळतात. कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला तर आणखी १२.

जुनं खातं कुठं पडलं असेल तर आधी ते शोधा. दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते बंदावस्थेत जातं, पैसे बुडत नाहीत. आधार घेऊन जा, केवायसी म्हणजे ओळख-पत्त्याची पडताळणी पुन्हा करा, खातं चालू होतं.

इथं पतसंस्थेबद्दल बोलायलाच हवं, कारण आपला जिल्हा पतसंस्थांवर आणि पिग्मीवर चालतो. दुकानात येऊन रोज ५० रुपये नेणारा पिग्मी एजंट कित्येक घरांची एकमेव बचत सांभाळतो, आणि त्या शिस्तीला मी कधीच नावं ठेवणार नाही. फरक एवढाच ओळखा: बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. तेव्हा पिग्मी चालू द्या, पण घरात निदान एक खातं बँकेचं असू द्या.

पायरी २: आधार 'जोडलेलं' आणि आधार 'डीबीटीला लावलेलं' यातला फरक

सगळ्यात जास्त माणसं इथं अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०२४ साली लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये सुरू झाले तेव्हा रोज बायका पासबुक घेऊन यायच्या: "माझं आधार लिंक हाय, तरी पैसं आलं न्हाईत." पैसे आलेले असायचे, पण दुसऱ्याच खात्यात. कधी माहेरी उघडलेल्या, कधी शाळेतल्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या, कधी एका कंपनीनं पगारासाठी काढून दिलेल्या खात्यात.

कारण असं. आधार ओळखीसाठी तुम्ही कितीही खात्यांना देऊ शकता. पण सरकारी पैसा कुठल्या बँकेत पाठवायचा याची नोंद देशपातळीवरच्या एका यादीत असते, आणि त्या यादीत एका आधारपुढं एकच बँक असते. शेवटी जिथं संमती दिली, ती. या नोंदीला बँकेत "आधार सीडिंग" म्हणतात, आणि थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशाला "डीबीटी". तुमच्या आधारपुढं कुठली बँक आहे हे आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" मध्ये दिसतं. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. फोनवर जमत नसेल तर महा ई-सेवा केंद्रात किंवा बँक मित्राकडे, म्हणजे गावात बँकेचं काम करणाऱ्या प्रतिनिधीकडे, बघून घ्या. बँक बदलायची असेल तर नव्या शाखेत जाऊन "आधार सीडिंगचा, डीबीटीचा संमती फॉर्म द्या" असं म्हणा, तो भरून त्याची पोच घ्या, आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा.

नाव तिन्ही कागदांवर एकसारखं आहे ना, तेही याच वेळी तपासा. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, पासबुकावर आडनावाची चूक, असं असेल तर आजच दुरुस्त करा. कर्जाच्या दिवशी ते निघालं तर महिना जातो.

जाता जाता एक पुराच्या गावांसाठी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात चिखली, आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत किती घरांची पासबुकं आणि कागद पाण्यात गेले ते आपण पाहिलं आहे. कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा, आणि आधार व पॅन फोनमधल्या डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवा. मदतीचे पैसे खात्यातच येतात.

पायरी ३: सहा महिने खातं चालतं ठेवा

खात्यात मोठी रक्कम लागत नाही, नियमितपणा लागतो. आठवड्याला २०० रुपये भरले तरी चालेल, पण दर आठवड्याला भरा. दुकान, हातगाडी, शिलाईकाम असेल तर क्यूआर कोड लावा आणि तो याच खात्याला जोडा. गिऱ्हाईकाचा प्रत्येक १० रुपयांचा व्यवहार पासबुकात उमटतो, आणि सहा महिन्यांनी तेच पासबुक तुमच्या धंद्याचा पुरावा होतं.

म्हैस असणाऱ्यांकडे तर हा पुरावा तयारच आहे. दर दहा दिवसांचं दूध बिल गावच्या दूध संस्थेतून रोख घेण्याऐवजी खात्यावर घ्या. दहा दिवसांनी न चुकता येणारी रक्कम पगारासारखीच दिसते.

याच काळात दोन विमे चालू करा. अपघाताचा, सुरक्षा विमा योजनेचा, वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. आयुष्याचा, जीवन ज्योती योजनेचा, वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०. दोन्हींत २ लाखांचं संरक्षण. पैसे मे अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात, तेव्हा शिल्लक असू द्या, आणि वारसाचं नाव लागलंय का ते बघा. जनधनच्या रुपे कार्डावरही अपघात विमा आहे, २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्यांना २ लाखांचा. पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं लागतं. कार्ड डब्यात ठेवू नका. दोन महिन्यांतून एकदा एटीएममधून १०० रुपये काढा.

खातं सहा महिने नीट चाललं की जनधन खात्यावर ओव्हरड्राफ्ट मागता येतो, म्हणजे शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल. मर्यादा १० हजार, त्यातले २ हजार विनाअट. घरातल्या एकाच व्यक्तीला मिळतो, शक्यतो बाईला. रक्कम लहान आहे, पण पोरीचा ताप आणि शाळेची फी यासाठी सावकाराकडे जायची वेळ टळते, आणि ती रक्कम परत भरली की तुमच्या नावावर पहिली चांगली नोंद होते.

पायरी ४: आपल्या कामाचं दार ओळखा

सगळे जण "मुद्रा" चं, म्हणजे छोट्या धंद्यासाठीच्या सरकारी कर्ज योजनेचं नाव घेत येतात. मी आधी विचारते, काम काय करता? कारण दारं वेगवेगळी आहेत, आणि चुकीच्या दारातून आत गेलं की बरोबरचं दार बंद होतं.

फेरीवाले आणि हातगाडीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी आहे. योजना जून २०२० मध्ये आली. २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५ हजार, ते फेडलं की २५ हजार, मग ५० हजार. तारण नाही, जामीनदार नाही. महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं फेरीवाला ओळखपत्र लागतं. यादीत नाव नसेल तर तिथूनच शिफारसपत्र मागायचं. वर सांगितलेल्या मावशींनी हेच दार धरलं. बँकेचा दर १२ टक्के धरला तर १५ हजारांचा वर्षभराचा मासिक हप्ता साधारण १,३३३ रुपये बसतो, आणि वर्षाचं एकूण व्याज हजाराच्या आत. रोजच्या १०० रुपयांशी याची तुलना करून बघा.

कारागिरांनी आधी पीएम विश्वकर्मा बघावी. १७ सप्टेंबर २०२३ पासून १८ पारंपरिक व्यवसायांना ती लागू आहे: चप्पल बनवणारे, कुंभार, सुतार, लोहार, शिंपी, सोनार, न्हावी, परीट वगैरे. सुभाषनगरात घरी बसून कोल्हापुरी चप्पल शिवणाऱ्यांना आणि गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या कुंभारांना ही योजना अगदी जवळची आहे. काही दिवसांचं प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख. नोंदणी सीएससी म्हणजे सरकारी कामांच्या सेवा केंद्रात, पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून. घरातल्या एकालाच मिळते. आणि क्रमाचं महत्त्व इथंच कळतं: गेल्या पाच वर्षांत मुद्रा किंवा स्वनिधीचं कर्ज घेऊन ते पूर्ण फेडलेलं नसेल, तर विश्वकर्मा मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका चप्पल कारागिरानं घाईनं मुद्राचे ५० हजार उचलले आणि ५ टक्क्यांचं कर्ज त्याला दोन वर्षं लांबणीवर टाकावं लागलं.

शेती आणि जनावरं असतील तर किसान क्रेडिट कार्ड. ऊस लावणारे बहुतेक जण गावच्या विकास सेवा संस्थेतून जिल्हा मध्यवर्ती बँकेचं पीक कर्ज घेतातच. ते ३ लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर राज्य आणि केंद्राच्या सवलती मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की सवलत गेली, तेव्हा ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. २ लाखांपर्यंत तारण लागत नाही. जमीन नसलेल्या पण म्हशी असलेल्या घरांना हे कार्ड जनावरांसाठीही मिळतं, हे फार कमी जणांना ठाऊक आहे. ते चारा, पेंड, औषधपाणी यासाठी आहे. म्हैस विकत घ्यायला वेगळं मुदतीचं कर्ज मागायचं.

दुकान, शिलाई, पिठाची गिरणी, वडापावची गाडी, रिक्षा, असा कुठलाही छोटा धंदा मुद्रामध्ये बसतो. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. तारण नाही. पण हे अनुदान नाही, माफ होणारं तर नाहीच. "मुद्रा मंजूर करून देतो" म्हणत आधी पैसे मागणारा कुठलाही एजंट खोटा समजा. काम अजून ठरलंच नसेल तर अग्रणी बँकेच्या म्हणजे बँक ऑफ इंडियाच्या ग्रामीण स्वरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत प्रशिक्षण मिळतं. त्या प्रमाणपत्राला कर्जाच्या अर्जात वजन असतं.

आता बचत गट. माझं मन इथंच आहे, हे मी लपवत नाही. एकटीला जे जमत नाही ते दहा जणींना जमतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गावात उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गट बांधणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्यांना, गाठा. १० ते २० बायका, दर आठवड्याला किंवा महिन्याला बैठक, नेमानं बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, आणि वहीत नोंद. ही पंचसूत्री सहा महिने पाळली की बँक गटाला कर्ज देते. पहिलं कर्ज साधारण दीड लाखाचं किंवा गटाच्या जमा निधीच्या सहापट, १० लाखांपर्यंत तारण नाही. ग्रामीण महिला गटांना ३ लाखांपर्यंत ७ टक्के दर आहे. वही लिहायला आठवी शिकलेली सूनही पुरते. पण वही प्रत्येक बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवा. जे गट मोडले ते पैशापायी कमी आणि न वाचलेल्या वहीपायी जास्त मोडले.

गटात एक गोष्ट कधीच करू नका: दुसरीसाठी आपल्या नावावर कर्ज उचलणं. नणंद असो, शेजारीण असो. कर्ज ज्याच्या नावावर, हप्ता त्याच्याच मानेवर.

घरापर्यंत येणारं कर्ज

मायक्रोफायनान्सवाले गल्लीत येतात, बायकांना गोळा करतात, दोन दिवसांत पैसे देतात. ते बेकायदा नाही, आणि वेळेला उपयोगीही पडतं. पण दर बँकेपेक्षा बराच जास्त असतो. रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ पासूनचे नियम पाठ करून ठेवा. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना हे कर्ज विनातारण. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत. म्हणजे १६ हजार उत्पन्न असेल तर ८ हजार ही शेवटची रेघ. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. तुम्हाला समजणाऱ्या भाषेत कर्जाचा तक्ता द्यावाच लागतो.

एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज घ्यायची वेळ आली, तर तिथंच थांबा आणि गटात बोला. लाजून चार कंपन्यांपर्यंत गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

व्याज सांगताना "सरळ" की "घटत्या शिलकीवर" हे विचारा. १० हजारांवर वर्षाला १२ टक्के सरळ म्हणजे १,२०० रुपये. तेच १२ टक्के घटत्या शिलकीवर मासिक हप्त्यानं फेडले तर ६६० च्या आसपास.

आणि सावकार. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा. परवाना असलेल्यालाही शेतीबाहेरच्या कामासाठी वर्षाला तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी करता येते. मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपनं फोनमधले नंबर आणि फोटो बघायची परवानगी मागितली तर तिथूनच मागं फिरा. फसलात तर सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, १९३० वर, लगेच फोन करा.

पायरी ५: अर्जाचा दिवस

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा पेन्शनची गर्दी असते. दुपारनंतर जा. बरोबर आधार, पॅन, सहा महिन्यांची नोंद केलेलं पासबुक, धंद्याचा पुरावा आणि जे घ्यायचं त्याचं कोटेशन. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि पूर्ण मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. साहेबांनी विचारलं, "पैसे कशाला?" तर "धंद्याला" एवढंच म्हणू नका. "शिलाई मशीन १८ हजारांचं, कापड ७ हजारांचं, महिन्याला चार हजार सुटतात, त्यातले दीड हजार हप्त्याला देईन," असं सांगा. आदल्या रात्री घरी मोठ्यानं म्हणून बघा. मी माझ्या बायकांकडून म्हणून घेते.

अर्जाची पोच मागा. नाकारला तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. "सिबिल नाही", म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा स्कोअर नाही, असं ऐकू आलं तर घाबरू नका. आधी कधी कर्ज घेतलंच नसेल तर स्कोअर नसतोच, आणि केवळ त्या कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. स्कोअर खराब असणं ही वेगळी गोष्ट. वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट बघता येतो, आणि स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. त्यात भावाला जामीन राहिलेलं थकीत कर्ज निघतं, कधी भलत्याचंच कर्ज आपल्या नावावर दिसतं. ते आधी मिटवा.

कर्जाबरोबर एखादी महागडी विमा पॉलिसी घ्यायला लावत असतील तर विचारा, "हे सक्तीचं आहे का? तसं लिहून द्याल का?" बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो.

पायरी ६: हप्ता, तक्रार आणि शेवटचा कागद

हप्त्याची तारीख दूध बिलाच्या किंवा पगाराच्या दोन दिवसांनंतरची मागून घ्या, मंजुरीच्या वेळीच. एखादा हप्ता चुकणार असं दिसलं तर तो चुकायच्या आधी शाखेत जा. आजारपण, पूर, कामबंदी, जे असेल ते अर्जावर लिहून द्या आणि पोच घ्या. फोन बंद करून बसणं सगळ्यात महाग पडतं.

बँकेनं चुकीचं काही केलं तर आधी शाखेत लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ऑनलाइन किंवा साध्या कागदावर, वकील लागत नाही, फी नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

शेवटचा हप्ता भरला की पेढे वाटा, जरूर वाटा, पण त्याच दिवशी शाखेतून "नो ड्यूज", म्हणजे काही बाकी नसल्याचा, दाखला मागून घ्या. महिन्याभरानं सिबिलच्या अहवालात ते कर्ज "बंद" दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर तो दाखला घेऊन पुन्हा शाखेत जा आणि दुरुस्तीचा अर्ज द्या. पुढचं, मोठं कर्ज मागताना साहेब आधी तीच ओळ बघतील.